फासे कोण टाकतो?

संपादक मंडळाचा फोन आला तेव्हाच अट घातली गेली. "शाळेच्या आठवणी भरपूर जमल्यात. घंटा, प्रार्थना, मधल्या सुट्टीतली चिंचाबोरं, सगळं तीन-तीन वेळा आलंय. तू तुझ्या कॉम्प्युटरमधलं काहीतरी दे, पण झोप येणार नाही असं दे." दुसरी अट जास्त अवघड आहे. पण माझ्याकडे एक थकलेला गृहपाठ होता, तो या निमित्ताने पुरा करतो.

मागच्या स्नेहमेळाव्याला जे हजर होते त्यांना आठवत असेल. जेवणं आटोपून आपण सभागृहाच्या ओट्यावर सुस्तावलो होतो. मस्कतहून परत आलेला आपला मित्र (नाव छापायचं नाही असं त्याने बजावलंय) एका कोपऱ्यात मोबाइलवर काहीतरी खेळत बसला होता. एकदम त्याने फोन सतरंजीवर आपटला. "चोर आहे हा फोन! अडला की स्वतःला दोन छक्के टाकतो." सगळे हसले. तो हसला नाही.

तो खेळत होता बॅकगॅमन. मस्कतला त्याच्या ऑफिसात एक इजिप्शियन सहकारी होता, त्याने याला हा खेळ शिकवला. तिकडे त्याला तावला म्हणतात. दोघांनी रोज दुपारी एक डाव या हिशेबाने वीस वर्षं काढली. आता तो सहकारी कैरोला, हा आपल्या गावात, आणि गावात बॅकगॅमन खेळणारं माणूस नाही. उरला फोन. आता फोनच खोटं खेळत असेल तर मग काय उरलं, असा त्याचा सवाल होता, आणि तो थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता.

मी कॉम्प्युटरवाला म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "अरे, रँडम असतं ते." तो म्हणाला, "तू आत जाऊन पाहिलंयस?" मी पाहिलं नव्हतं.

त्या रात्री मला आठवीतला एक पावसाळा आठवला. मैदानात चिखल, खेळाचा तास वर्गातच, आणि आपण बाकं जोडून 'व्यापार' मांडायचो. भांडण कशावरून व्हायचं? बँकरवरून. जो बँक सांभाळायचा तोच खेळायचाही, आणि त्याच्याकडे नोटा कशा वाढतात हा वर्गाचा कायमचा संशय. खरं म्हणजे आपला तो बँकर बिचारा प्रामाणिक होता, फक्त चांगलं खेळायचा. एकदा भांडण इतकं चढलं की शेजारच्या वर्गावरून गणिताचे सर आले. चौकशी वगैरे केली नाही. एवढंच म्हणाले, "जो बँक धरेल तो खेळणार नाही. आणि फासा तिसऱ्याच्या हातात द्या." सर, आपण पहिल्या रांगेत बसून ही स्मरणिका चाळत असाल, तर आपल्या त्या निकालाचं सविस्तर स्पष्टीकरण पुढे येतं आहे, असं समजावं.

ज्यांना बॅकगॅमन ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पटावर २४ निमुळती घरं, प्रत्येकाकडे १५ सोंगट्या, दोन फासे. दोघे एकमेकांच्या उलट दिशेने सोंगट्या फिरवून आपल्या घरी आणतात आणि मग पटाबाहेर काढतात. एकटी सापडलेली सोंगटी मारता येते. मारलेलीला पुन्हा पहिल्यापासून प्रवास. आपल्या सारीपाटाशी नातं जाणवतं, पट मात्र वेगळा. शिवाय १९२० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये एक खुमखुमी वाढवणारी भर पडली: २, ४, ८ असे ६४ पर्यंत आकडे असलेला ठोकळा. आपण जिंकतोय असं वाटलं की पणाला लावलेलं दुप्पट करायला सांगायचं. समोरच्याने एकतर मान्य करायचं, नाहीतर तिथेच डाव सोडायचा. म्हणजे नुसती चाल कळून भागत नाही, आपण किती टक्के जिंकतो आहोत हे सतत मोजावं लागतं.

यंत्राला हा खेळ बुद्धिबळापेक्षा एका बाबतीत जड. दोन फाशांची २१ वेगवेगळी दानं पडतात आणि प्रत्येक दानाला सरासरी वीसेक चाली असतात. दोन्हींचा गुणाकार केला की एकेका पावलाला चारशेच्या घरात फांद्या. बुद्धिबळाचे प्रोग्राम दहा-दहा चाली पुढे बघत गेले. इथे दोन-तीन पावलांतच दम लागतो. त्यामुळे समोरची मांडणी बघून 'ही चांगली, ही वाईट' असं नुसत्या नजरेने ओळखता आलं पाहिजे. जुने मुरलेले खेळाडू जे करतात तेच.

हे पहिल्यांदा नाव घेण्यासारखं जमवलं हान्स बर्लिनर यांनी. जन्माने बर्लिनचे, अमेरिकेत वाढलेले, पत्राद्वारे खेळल्या जाणाऱ्या बुद्धिबळाचे माजी विश्वविजेते आणि पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातले संशोधक. त्यांच्या प्रोग्रामचं नाव बीकेजी. बर्लिनरनी सुरुवातीला डावाचे टप्पे पाडले होते: ही सुरुवात, ही झटापट, ही शर्यत, आणि प्रत्येक टप्प्याला वेगळे नियम. प्रोग्राम बरा खेळायचा, पण टप्प्याच्या सीमेवर आला की काहीतरी विचित्र करायचा. ज्या टप्प्यात त्याला स्वतःची किंमत जास्त वाटे, तिथे रेंगाळण्यासाठी तो धडधडीत वाईट चाल करी. आपल्याकडे ३५ ला पास आणि ३४ ला नापास असल्यामुळे मुलं जे काय काय उद्योग करायची, त्यातलाच प्रकार. बर्लिनरनी मग सीमाच पुसल्या. एका टप्प्याचं वजन हळूहळू उतरावं आणि दुसऱ्याचं चढावं अशी आकडेमोड बसवली, आणि खेळ एकदम सुधारला.

जुलै १९७९ मध्ये माँटे कार्लोला नुकताच विश्वविजेता झालेला इटलीचा लुईजी व्हिला आणि बीकेजी ९.८ यांचा सामना झाला. बक्षीस ५००० डॉलर. गंमत अशी की प्रोग्राम माँटे कार्लोत नव्हताच. तो होता पिट्सबर्गच्या पीडीपी-१० या अवाढव्य यंत्रावर. व्यासपीठावर होता गॅमनॉइड नावाचा ठेंगणा रोबो, आणि दोघांमध्ये उपग्रहाचा दुवा. हा रोबो मोठ्या थाटात रंगमंचावर यायला निघाला आणि पडद्यात अडकून बसला. पण सामना बीकेजीने ७-१ असा जिंकला. पटावरच्या खेळात विद्यमान विश्वविजेत्याला यंत्राने हरवण्याची ती पहिली वेळ.

इथे आपल्या मस्कतवाल्या मित्राने कान टवकारावेत. बर्लिनरनी नंतर डाव तपासले आणि स्वतःच लिहून टाकलं की फासे प्रोग्रामला अनुकूल पडले होते. जिथे निवड करायला वाव होता अशा ७३ प्रसंगांपैकी ८ ठिकाणी प्रोग्रामची चाल सर्वोत्तम नव्हती. व्हिला जवळजवळ निर्दोष खेळला होता. जिंकल्यावर आपल्या यंत्राचं दैव मोजून सांगणारा हा माणूस मला त्या विजयापेक्षा मोठा वाटतो.

आणि नकळत तिथे एक गोष्ट घडून गेली होती. मेंदू एका खंडात, पट दुसऱ्या खंडात. दोघांमधून जात होते ते फक्त आकडे: काय मांडणी आहे, काय दान पडलं, काय चाल केली. एवढ्यावर खेळता येतं, हे दिसून गेलं होतं. मात्र त्याचा अर्थ लावायला पुढे वीसेक वर्षं गेली.

मधल्या काळात मेंदूच बदलला. आयबीएमच्या वॉटसन संशोधन केंद्रात गेराल्ड टेसॉरो हे शास्त्रज्ञ न्यूरल नेटवर्कवर काम करत होते. म्हणजे नियम लिहून देण्याऐवजी यंत्राला उदाहरणं द्यायची आणि त्यावरून त्याने स्वतःची वजनं जुळवायची. त्यांच्या न्यूरोगॅमनला उदाहरणं मिळाली ती ४०० डावांतून, आणि त्या डावांत दोन्ही बाजूंनी टेसॉरो स्वतःच खेळले होते! चारशे डाव स्वतःशी खेळून लिहून काढणाऱ्या माणसाची चिकाटी बघा. १९८९ मध्ये लंडनला पहिलं कॉम्प्युटर ऑलिंपियाड झालं, तिथे न्यूरोगॅमनने पाचही सामने जिंकून सुवर्णपदक घेतलं. पण शेवटी एकाच गुरूचा शिष्य. गुरूच्या चुकाही त्याच्याकडे आल्याच असणार.

पुढचं पाऊल धाडसाचं होतं. रिचर्ड सटन यांनी १९८८ मध्ये शिकण्याची एक रीत मांडली होती. दर पावलाला आपला अंदाज करायचा, पुढच्या पावलाचा अंदाज त्याच्याशी ताडून पाहायचा आणि फरकाइतकी स्वतःला दुरुस्ती करायची. टेसॉरोंनी ती घेतली आणि नव्या प्रोग्रामला गुरूच दिला नाही. टीडी-गॅमन स्वतःशी खेळत बसला. सुरुवातीला तो अक्षरशः आंधळा. माणसांचा डाव पन्नास-साठ चालींत संपतो, याचे पहिले डाव शेकडो, कधी हजारो चाली चालायचे. पण फाशांची कृपा अशी की दोन वेडे खेळले तरी बॅकगॅमनचा डाव कधीतरी संपतोच, आणि दानं बदलत राहिल्यामुळे नव्या नव्या मांडण्या समोर येत राहतात. काही हजार डावांनंतर त्याला मारणं आणि घर धरणं कळलं. तीन लाख डावांनंतर नामवंत खेळाडूंशी ५१ डाव खेळून तो १३ गुणांनी मागे राहिला. पंधरा लाख डावांनंतर, दोनदा विश्वविजेता झालेल्या बिल रॉबर्टीशी ४० डाव झाले आणि तो फक्त १ गुणाने हरला.

त्याहून मोठी खळबळ त्याच्या सुरुवातीच्या चालींनी उडवली. पहिलंच दान चार-एक पडलं की काय करायचं हे ठरलेलं होतं. एका सोंगटीने धोका पत्करून पुढच्या मोक्याच्या घरात एकटं उभं राहायचं, पिढ्यान्‌पिढ्या हेच. टीडी-गॅमन ते करेना. तो मागची सोंगटी एक घर सरकवायचा. जाणकारांनी आधी नाकं मुरडली, मग तपासलं, मग मुकाट्याने आपली चाल बदलली. कोणीही न शिकवलेल्या विद्यार्थ्याने अभ्यासक्रम दुरुस्त केला.

पण हा विद्यार्थी राहायचा कंपनीच्या प्रयोगशाळेत, बंद दाराआड. टेसॉरोंनी एक केलं: १९९३ मध्ये त्यांनी एक छोटा, साधा मेंदू सगळ्यांसाठी खुला केला. त्याला पबइव्हल म्हणत. आत फक्त वजनांच्या दोन याद्या, प्रत्येकी १२२ आकड्यांच्या. एक सोंगट्या अजून एकमेकींच्या वाटेत असतानासाठी, दुसरी नुसत्या शर्यतीसाठी. खेळ बेताचाच. पण कोणीही तो आपल्या प्रोग्रामला जोडून घ्यावा आणि त्याच्याशी हजारो डाव लावून आपली पट्टी मोजावी. दुकानात जसा प्रमाणित वजनाचा तुकडा असतो, तसा. दुसऱ्याचा मेंदू आपल्या पटावर बसवण्याची ही पहिली मोठी सवय, असं मी मानतो.

दुसरी सवय आली ती वेगळ्याच दारातून, आणि तिथे मी स्वतः हजर होतो.

१९९२ मध्ये आंद्रेआस श्नायडर यांनी फिब्स सुरू केलं, इंटरनेटवरचा पहिला बॅकगॅमनचा अड्डा. आपल्या देशात विदेश संचार निगमने ऑगस्ट १९९५ मध्ये लोकांना इंटरनेट दिलं, आणि त्यातलं स्वस्त कनेक्शन नुसतं अक्षरांचं होतं. चित्र नाही, माउस नाही. मी तेव्हा पुण्यात नोकरीला. रात्री अकरानंतर मोडेमची ती किंकाळी (शेजारचे विचारायचे, कोण रडतंय?) आणि मग काळ्या पडद्यावर ओ आणि एक्स या अक्षरांनी काढलेला पट. ओ माझ्या सोंगट्या, एक्स समोरच्याच्या. समोर डेन्मार्कचा कोणीतरी. चाल टाइप करायची. लाइन तुटली की डाव अर्धवट. ती तशीही दर रात्री तुटायची.

फासे टाकायचा तो सर्व्हर, ना मी ना डेन्मार्कवाला. तिसऱ्याच्या हातात फासा.

लोकांना अक्षरांचा पट नकोसा झाला, म्हणून चित्रमय पट दाखवणारे प्रोग्राम लिहिले जाऊ लागले. त्यांच्या सोयीसाठी फिब्सने पटाची स्थिती एका ओळीत पाठवायची पद्धत ठेवली होती. सुरुवातीला 'बोर्ड' हा शब्द, मग दोघांची नावं, सामना किती गुणांचा, कोणाचे किती झाले, मग पटाचे २६ आकडे, पुढे पाळी कोणाची, दान काय, ठोकळ्यावर किती; सगळं कोलनने तोडलेलं. माणसाला वाचायला कंटाळवाणं, यंत्राला सुखाचं. ओळ होती चित्र काढण्यासाठी. पण चित्र काढण्याइतकी माहिती ज्यात आहे, त्यात विचार करण्याइतकीही असतेच. मग लोकांनी तिथे माणसाच्या जागी प्रोग्राम बसवले. ते रात्रंदिवस खेळायचे, कधी दमायचे नाहीत, कधी शिव्या द्यायचे नाहीत. मी त्यांच्याकडून सपाटून हरलो आहे.

त्याच दशकात विकत मिळणारे तगडे प्रोग्राम आले: नॉर्वेच्या फ्रेड्रिक डाल यांचा जेलीफिश, मग १९९८ मध्ये स्नोई. दोन्ही टीडी-गॅमनच्या वाटेने गेलेले. तुमचा आख्खा सामना तपासून कुठे किती चुकलात ते आकड्यात सांगायचे, अगदी लाल शाईने. पण पट, मेंदू, फासे, सगळं एकाच मोहोरबंद डब्यात. आणि मग अपरिहार्यपणे आरोप: हा प्रोग्राम फासे चोरतो. जगातल्या प्रत्येक बॅकगॅमन प्रोग्रामवर हा आरोप झाला आहे. मस्कतवाल्या मित्रा, तू एकटा नाहीस.

बुद्धिबळवाल्यांनी तोवर रस्ता काढला होता. पट दाखवणारा प्रोग्राम वेगळा, विचार करणारं इंजिन वेगळं, आणि दोघांनी एकमेकांशी काय भाषेत बोलायचं याचा करार. टिम मान यांच्या एक्सबोर्डची एक भाषा होती. २००० साली श्टेफान मायर-कालेन आणि रुडॉल्फ ह्यूबर यांनी यूसीआय नावाची दुसरी, जास्त नेटकी भाषा जाहीर केली. आज जवळपास कुठलंही बुद्धिबळाचं इंजिन कुठल्याही पटाला जोडता येतं, मिक्सरला भांडं बसवावं तसं. बॅकगॅमनमध्ये असा सर्वमान्य करार रुजला नाही. माझ्या मते त्याला दोन कारणं. एक म्हणजे बुद्धिबळात मांडणी आणि घड्याळ सांगितलं की संपलं. इथे दान कोणी टाकलं, ठोकळा कोणाकडे, सामन्याचे गुण किती, सगळं करारात घालावं लागतं, कारण गुणांनुसार तीच चाल बरोबर किंवा चूक ठरते. आणि दुसरं, चांगले मेंदू विकाऊ होते; विकणाऱ्याला आपला मेंदू दुसऱ्याच्या पटावर फुकट कशाला बसवायचा असेल?

ही कोंडी फोडली ग्नू बॅकगॅमनने. गॅरी वाँग यांनी १९९९ च्या सुमारास सुरू केलेला हा प्रोग्राम सुरुवातीपासून खुला: कोणीही घ्या, आत काय आहे ते वाचा, बदला, वाटा. जगभरच्या हौशी माणसांनी तो वाढवला. जोसेफ हेलेद यांनी त्याच्या मेंदूला शिकवण्यात मोठा वाटा उचलला. आत एक नव्हे, तीन न्यूरल नेटवर्क आहेत: झटापटीचं, शर्यतीचं आणि मोडकळीला आलेल्या मांडणीचं. (बर्लिनरची ती सीमेची कटकट म्हणजे पुन्हा आलीच, टप्पे पाडल्याशिवाय कोणाचंच भागत नाही.) अगदी शेवटी, सोंगट्या बाहेर काढताना, विचारच नाही, पाढे पाठ. पंधरा सोंगट्या घरच्या सहा घरांत किंवा बाहेर मिळून ५४,२६४ प्रकारे असू शकतात, आणि त्यांची सगळी गणितं आधीच करून ठेवलेली.

त्याने इंजिन जोडण्याची जी सोय केली ती मला फार आवडते, कारण नवी भाषा न काढता त्याने फिब्सची ती जुनी ओळच उचलली. ग्नू बॅकगॅमनमध्ये एका खेळाडूच्या जागी 'बाहेरचा' असं लिहिता येतं आणि तो कुठल्या पत्त्यावर बसलाय ते सांगता येतं. याच यंत्रावर किंवा जगाच्या दुसऱ्या टोकाला. पाळी आली की ती कोलनवाली ओळ त्याच्याकडे जाते आणि तो चाल कळवतो. उलटही चालतं. ग्नू बॅकगॅमन स्वतःच पाहुणा होऊन दुसऱ्या पटाच्या ओळीची वाट पाहत बसू शकतो. दान पडलेलं असेल तर चाल सांगतो. पडलेलं नसेल तर दुप्पट करायचं की नुसतं खेळायचं ते सांगतो. पाहुणा मेंदू फाशांना हात लावत नाही. त्याला दान कळतं ते ओळीतून, पडून गेल्यावर. पुढचं दान काय हे ओळीत कुठेच नसतं.

आणि फासेही बदलता येतात! ही गोष्ट मला माहीत नव्हती, तुझ्या त्या प्रश्नामुळे शोधली. दानं कुठून आणायची याचे त्यात अनेक पर्याय आहेत. गणिती सूत्रं वेगवेगळी. इंटरनेटवरच्या एका संस्थेकडून येणारी, वातावरणातल्या रेडिओच्या खरखरीवरून काढलेली दानं. किंवा सरळ हाताने टाकून टाइप केलेली. सूत्र वापरलंत तर त्याला सुरुवातीला एक आकडा द्यावा लागतो, बियाण्यासारखा. तोच आकडा पुन्हा दिला की तीच दानं त्याच क्रमाने येतात, तुम्ही कशाही चाली करा. म्हणजे संशय आला तर जागा बदलून, त्याच्याच फाशांनी त्याच्याशी खेळून पाहता येतं.

आता तो तंटा. 'अडला की नेमकं दान पडतं' असं का वाटतं? सहा घरं दूर असलेली एकटी सोंगटी ३६ पैकी १७ दानांनी मारली जाते. तीच सात घरं दूर ठेवली तर ३६ पैकी ६. एका घराचा फरक, आणि धोका तिपटीने कमी. चांगलं इंजिन सतत हेच करतं: आपल्याला उपयोगी पडतील अशी दानं वाढवत जातं आणि तुझी कमी करत जातं. मग त्याला हवं ते पडलं की आपल्याला वाटतं, दैव याच्या बाजूला. प्रत्यक्षात त्याला हवी अशी दानंच जास्त असतात. आपल्या आठवीतल्या बँकरसारखं.

तरी मी त्याच्या फोनमधल्या त्या खेळाची हमी घेत नाही. त्याचा डबा बंद आहे, आत मला दिसत नाही. मित्राने आठ दिवस शाळेच्या शिस्तीने वहीत दानं उतरवली. जोडदानं सहातून एक पडायला हवीत, तशीच आसपास पडत होती. वही त्याला पटली नाही. "मोजायला बसलो की तो सावध होतो," म्हणाला.

म्हणून दिवाळीत मी लॅपटॉप घेऊन त्याच्या घरी गेलो. आज जाणकार २००९ साली आलेल्या एक्स्ट्रीम गॅमनने आपले सामने तपासतात, त्याची ताकद मोठी आहे. पण मला हवा होता तो उघडा डबा, म्हणून ग्नू बॅकगॅमन. ओसरीवर त्याने मस्कतहून आणलेला शिसवी पट मांडला. कैरोच्या मित्राने निरोपाला दिलेला, त्यातच दोन हस्तिदंती रंगाचे फासे. करार असा ठरला: दोघांचंही दान टाकणार त्याची नात, वय वर्षं नऊ. तिने मोठ्याने वाचायचं, मी टाइप करायचं, इंजिन चाल सांगेल ती मी पटावर करायची. वहिनी चकल्या ठेवून गेल्या आणि जाताना म्हणाल्या, "भांडू नका."

पहिला डाव त्याने जिंकला. त्या आनंदात त्याने कैरोला व्हिडिओ कॉल लावला. एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ पटाकडे बघून अरबीत काहीतरी ओरडले आणि दोघे हसले. दुसरा डाव इंजिनाने घेतला. तिसऱ्यात आपला मित्र अगदी कडेला आला होता, दोनच सोंगट्या बाहेर काढायच्या राहिल्या होत्या. समोर इंजिनाच्या चार. त्याला मोठ्या जोडाशिवाय तरणोपाय नव्हता.

नातीने फासे खुळखुळवले आणि टाकले. "आजोबा, दोन छक्के!"

ओसरीवर शांतता. मी काही न बोलता इंजिनाच्या चारही सोंगट्या बाहेर काढल्या. त्याने दोन्ही फासे उचलले, उठून पायरीवर गेला आणि एकेक फासा उन्हात धरून सगळ्या बाजूंनी पाहत राहिला.